पाणी ऊन करताना

आमच्या बेटावर फादर वर्षातून दोनदा येतात,
समुद्राने येऊ दिलं तर.
एरवी शुभवर्तमान वाचतो बाउदिलिओ मान्सिया,
आमचा फिस्काल. नखांत बटाट्याच्या वाफ्याची माती,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
हे देऊळ लाकडाचं. खिळेसुद्धा लाकडाचे.
वारा फळ्यांतून आत येतो
आणि मागच्या बाकावर बसतो, उशिरा आलेल्यासारखा.

पवित्र गुरुवार. बारा खुर्च्या मांडल्या.
बारा पुरुष इथे कुठून आणायचे?
बायका बसतात, शाळकरी पोरं बसतात,
एका साली तर मीटर बघायला आलेला माणूस बसवला होता.
माझं काम पाण्याचं. चूल, किटली, घंगाळ.

अकरा खुर्च्या भरल्या.
बारावी रोसामेल गुएन्तेओची.
खाडीच्या तोंडाचा कागद
सालमनवाल्या कंपनीला ज्याने सही करून दिला, तो.
तेव्हापासून ओहोटीला शिंपले उचलावेत
तर बोटांना बुळबुळीत काहीतरी लागतं.
आणि माझा भाऊ एलियासार
त्यांच्या जाळ्यांखाली उतरायचा रोजंदारीवर;
एकदा घाईने वर आला.
आता डावा पाय त्याचं ऐकत नाही.

तो पाय पाचव्या खुर्चीवर. मोजा मीच काढला.
बाउदिलिओने जिवंत मासा धरावा तसा धरला,
निसटू नये, आणि दुखूही नये.
"ऊन आहे का रे पाणी?" एलियासारने विचारलं,
"मला काही कळत नाही."
कोणी हसलं नाही. मग तोच हसला.

अकराव्यानंतर बाउदिलिओ जमिनीवर बसून राहिला.
"थांबू या," म्हणाला.
मेणबत्ती बोटभर उतरली,
तेव्हा दार वाजलं. रोसामेल.
टोपी हातात, बूट चिखलाचे,
कोणाकडे न बघता रिकाम्या खुर्चीवर.
बाउदिलिओने घंगाळात बोट घातलं,
माझ्याकडे पाहिलं.
"गार झालं, दिओनिसिया."

लहानपणापासून ऐकतेय हा उतारा.
यहूदा उठून रात्रीत गेला, ते नंतर.
पाय धुतले ते आधी.
म्हणजे तोही बसला असणार रांगेत,
त्याच्याही टाचांना भेगा, बोटांमधे धूळ.
पेत्र नको-नको म्हणत होता, ते लिहून ठेवलंय.
यहूदा काय म्हणाला, कुठेच नाही.
पाय पुढे केला असेल, एवढंच.
आणि पाणी?
घडा घेतलेला एक माणूस रस्त्यात भेटतो,
त्याच्या मागून जा, असं प्रभूने सांगितलेलं.
पुढे त्याचं नाव नाही, गाव नाही.
तो चुलीशी उभा असेल का,
कोणाच्या पायांसाठी, हे ठाऊक नसताना?
मला तर ठाऊक होतं.

किटली उकळू दिली असती.
वाफ झाकणाला धडका देत होती,
मी हात मागे ठेवून बघत राहिले.
मग बाउदिलिओचे हात आठवले,
सांधे सुजलेले. चटका आधी त्यांना बसला असता.
गार पाणी घातलं. बाही वर करून
कोपर बुडवून पाहिलं,
बाळाच्या आंघोळीला बघतात तसं.
अजून थोडं ऊन हवं होतं.
घातलं.

मी त्याला माफ केलेलं नाही,
हे इथे स्वच्छ सांगते.

रोसामेलने मोजा काढला. अंगठ्याशी भोक.
करड्या लोकरीत आडवी लाल वेल:
त्याच्या बायकोचं विणकाम. ती टाक्यांत चुकायची.
वेल मीच शिकवली होती तिला,
ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
इथेही तिसऱ्या ओळीत चुकली होती.

बाउदिलिओ काही बोलला नाही.
पाणी ओतलं, टाच तळहातावर घेतली,
पुन्हा ओतलं.
पाचव्या खुर्चीवरून एलियासार वाकला:
"ऊन आहे का रे पाणी?"

रोसामेलला बोलायला वेळ लागला.
"आहे," म्हणाला.